रेकॉर्डवाल्या प्रयागबाई

मुकुंद वैरागडेने आयुष्यात एकच नियम मनापासून पाळला होता, आणि तो लग्नातल्या वचनांपैकी नव्हता, असं त्याची बायको शोभाताई चारचौघांत सांगायची. बंद पाकिटातली रेकॉर्ड उघडायची नाही, हा तो नियम. शहरातल्या हंसापुरी भागात त्याचं कूलरचं दुकान. उन्हाळाभर पंप, मोटरी आणि खसच्या ताट्या विकायच्या, आणि एकदा का लोकांनी कूलर झाकून ठेवले, की गावोगाव माळे उपसत जुन्या रेकॉर्डी हुडकायच्या, असा त्याचा वर्षाचा क्रम होता. उघडलेल्या रेकॉर्डी तो ऐकायचा, पुसायचा, त्यांचे लाड करायचा. पण कारखान्यातून आलेलं प्लास्टिक ज्यावर अजून तसंच आहे, अशी रेकॉर्ड जुन्या रेकॉर्डींच्या शौकीन मंडळींना देवासारखी. तिचं पाकीट फोडलं की ती उष्टी झाली. मग ती ऐकायची कधी? हा प्रश्न शोभाताईने एकदा विचारला, तेव्हा मुकुंदने असा काही चेहरा केला की तिने पुन्हा विचारला नाही.

दुसरा नाद रेकॉर्डीमागच्या गोष्टींचा. कुणी गायलं, फोटो कुठे काढला, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे सगळं खोदून काढून तो शौकिनांच्या ग्रुपवर लिहायचा. खोटं एक अक्षर लिहायचा नाही. पुण्याकोलकात्याची माणसं त्याच्या गोष्टींची वाट पाहायची आणि त्याची मान जरा ताठ व्हायची.

तर गेल्या हिवाळ्यात शहराबाहेर वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामातला बेवारस माल निघाला. त्यात रेकॉर्डींचा एक गठ्ठा होता. ओल लागून सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, उधई लागलेली. मधोमध एकच धडधाकट, प्लास्टिकसकट. कव्हरवर पांढऱ्या लुगड्यातली ठसठशीत बाई, बाजूला पेटीपुढे बसलेला बारीक माणूस, आणि वर नाव: प्रयागबाई आणि पार्टी, भीमगीते. मुकुंदने या रेकॉर्डीबद्दल नुसतं ऐकलं होतं. मुंबईची छोटी कंपनी, रेकॉर्ड निघाली आणि कंपनी बुडाली, माल बाजारात आलाच नाही. आपल्या हातात आहे ती एकुलती एक, हे कळल्यावर त्याला दोन दिवस जेवणखाण सुचलं नाही.

गोष्ट हवी म्हणून तो विचारत विचारत कन्हान गावी पोचला. प्रयागबाई जिवंत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने वाळलेल्या. पण गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला होता. बोलल्या की नुसती हवा यायची, आणि नात करिष्मा शेजारी बसून त्यांचं बोलणं मोठ्याने सांगायची.

"जय भीम, भाऊ. बसा," त्या म्हणाल्या. कव्हरचा फोटो मोबाइलवर पाहून त्यांनी तो करिष्माच्या डोळ्यांपुढे धरला. "पाह्य वं. मी म्हनत होती का नाही?"

"आजी सांगे का माही रेकॉर्ड हाये म्हनून," करिष्मा म्हणाली, "पण घरात कोनी खरं मानत नव्हतं काका. मी तं आजीले कधी गाताना ऐकलंच नाही. मी जन्मायच्या आधीच आवाज गेला तिचा."

मग प्रयागबाईंनी गोष्ट सांगितली. नवरा लहानू पेटी वाजवायचा, त्या गायच्या. जयंतीला रात्रभर कार्यक्रम व्हायचे. मुंबईला जाऊन रेकॉर्ड भरली, त्यानंतर लहानू प्रत्येक स्टेजवर त्यांची ओळख "रेकॉर्डवाल्या प्रयागबाई" अशी करून द्यायचा. रेकॉर्ड मात्र घरी कधी आली नाही. कंपनी बुडाली, असं लहानूने सांगितलं. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"भाऊ, एक डाव लावून द्या मले," त्या म्हणाल्या. "माहा आवाज आता तेवढ्यातच हाये."

आणि मुकुंदने काय करावं? तो म्हणाला, "ही बंद आहे हो बाई. उघडली तर तिची किंमतच जाते. मी दुसरी, उघडलेली शोधतो. मिळाली का लगेच घेऊन येतो." दुसरी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रयागबाईंनी मान हलवली. गरिबाघरच्या माणसाला "थांबा" ऐकायची सवय असते, आणि समोरचा त्याचा बिनधास्त फायदा घेतो.

हिवाळा गेला, उन्हाळा लागला. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, हे मुकुंदला बरंच सोयीचं पडलं. करिष्माचे फोन यायचे आणि तो "शोधून राहिलो" म्हणायचा. मग एका दुपारी ती म्हणाली की गळ्यातली गाठ परत आली आहे आणि डॉक्टर आता काही करता येत नाही म्हणतात.

शोभाताईने शेजारी बसून ते ऐकलं. "अहो," ती म्हणाली, "ते प्लास्टिक तुम्ही मरताना सोबत नेणार आहात का?"

मुकुंद चिडला, ताटावरून उठला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर घेऊन कन्हानला गेला.

खोलीत शेजारपाजार जमला होता. प्रयागबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं आणि त्या भिंतीला टेकून नवरीसारख्या अवघडून बसल्या होत्या. मुकुंदने ब्लेडने प्लास्टिक कापलं. मग त्याने सुई टेकवली.

पेटी वाजली, आणि मागून आवाज आला. काय आवाज होता! उंच, मोकळा, जराही न थरथरणारा. मुकुंदचे डोळे भरून आले आणि आपण इतके दिवस या बाईला थांबवून ठेवलं याची त्याला मनापासून लाज वाटली. बायका टाळ्या वाजवत होत्या. करिष्मा तर हुंदके देऊन रडत होती. "आजी, तुहा आवाज! असा होता तुहा आवाज?"

प्रयागबाई हलल्या नाहीत. गाणं संपलं, चहाची गडबड सुरू झाली, करिष्मा कप आणायला आत गेली, तशी त्यांनी मुकुंदला जवळ बोलावलं.

"भाऊ," त्या कुजबुजल्या, "हा माहा आवाज नोहे."

मुकुंद समजुतीने हसला. "सगळ्यांनाच तसं वाटतं बाई. आपला आवाज बाहेरून ऐकला का परका लागतो."

"दुसऱ्या कडव्याले मी मधात दम घेत होती. जलमभर घेतला. हिनं कुठंच नाही घेतला." त्या थांबल्या. बोलायला त्रास होत होता. "रेकॉर्ड भरली त्या दिवशी माहा गळा बसला होता. मी गायली. कंपनीचा सायेब म्हने, चांगलं झालं. मग करिष्माचा आजा म्हने, तू जाय, आराम कर, माह्या पेटीचं थोडं काम राह्यलं. दिवस बुडल्यावर आला. जेवला नाही."

मुकुंदने रेकॉर्डीचं कव्हर पुन्हा हातात घेतलं.

"पेटी त्यायचीच हाये," त्या म्हणाल्या. "वरची एक पट्टी खटखट करे. ऐकलं ना तुमी?"

त्याने ऐकलं होतं. कोऱ्या रेकॉर्डीवर ही खटखट कुठून आली, हे कोडं त्याला गाणं चालू असतानाच पडलं होतं. म्हणजे लहानूने बायकोला झोपायला पाठवलं आणि परक्या बाईसाठी तीच पेटी पुन्हा वाजवली. मग जन्मभर स्टेजवर उभं राहून "रेकॉर्डवाल्या प्रयागबाई" म्हणत राहिला. त्याने हे फसवायला केलं की जपायला, हे आता विचारायचं कुणाला? आणि बाईंचा खरा आवाज जगात कुठेच उरला नव्हता. प्लास्टिक शाबूत होतं तोवर निदान त्यांच्यापुरता तो आत होता. मुकुंदला वाटलं, आपण ते पहिल्या दिवशी फोडायला हवं होतं, किंवा कधीच नाही.

करिष्मा चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, चेहरा उजळलेला. "काका, ग्रुपवर टाका ना आजीची गोष्ट. गाणंही टाका."

मुकुंदने प्रयागबाईंकडे पाहिलं. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "टाका, भाऊ. प्रयागबाई गायली म्हनून टाका."

त्याने तसंच लिहिलं. गायिका, प्रयागबाई. पेटी, लहानू. इतक्या वर्षांत त्याच्या हातून उतरलेलं ते पहिलं खोटं. लोकांनी आवाजाची तारीफ करकरून ग्रुप भरून टाकला. मुकुंद ते सगळं करिष्माला पाठवतो आणि ती आजीच्या उशाशी बसून एकेक वाचून दाखवते. आता प्रयागबाईंना ऊठबस होत नाही, डोळेही फारसे उघडत नाहीत. पण वाचून झालं की दर वेळी त्या एवढंच विचारतात, "पेटीबद्दल काही लिवलं का वं कोनी?"

अजून तरी कुणी लिहिलेलं नाही.