चंद्रीचं पथ्य

कोंबडी एकदा शिंकली तरी बळीराम हातातला घास ठेवून परसात धावायचा, आणि स्वतः खोकून खोकून वाकला तरी म्हणायचा, "काही नाही वं, घसा कोरडा पडला." बायजाबाईच्या डोक्यात तिडीक जायची ती याच गोष्टीने. बरं, भांडावं तरी कोणाशी? नवरा ऐकून न ऐकल्यासारखा करायचा, आणि कोंबड्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष!

बळीरामने उभी हयात टेम्पो चालवला. वीजघरातली राख भरायची आणि विटांच्या कारखान्यात नेऊन ओतायची, हेच काम. टेम्पो सुटला तेव्हा नागपूरच्या टोकाला असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरामागे त्याने गावरान कोंबड्या आणल्या आणि म्हातारपणी पुन्हा बाप झाल्यासारखा वागू लागला. बाजारातलं खाद्य नाही, इंजेक्शनं नाहीत. ज्वारीची चुरी, भाजीचे देठ, पाण्यात ठेचलेला लसूण. संध्याकाळी खुराड्याजवळ बादली पालथी घालून बसायचं, विडी शिलगवायची आणि एकेकीची चौकशी करायची. चंद्री त्याची सगळ्यात लाडकी. ती मांडीवर चढून बसायची आणि हा धूर सोडत तिच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी करायचा. इतक्या गोष्टी तो बायजाबाईशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बोलला नसेल.

दिवाळीनंतर त्याचा खोकला बदलला. आधी तो नुसता खोकायचा, आता खोकल्यानंतर दम घ्यायला भिंतीला टेकायचा. त्याचा थोरला भाऊ प्रेमानंद असाच टेकायला लागला होता आणि मग एके दिवशी उठलाच नाही. बायजाबाईने ते सगळं जवळून पाहिलं होतं. "विडी सोडा," ती म्हणायची. "दवाखान्यात चला." तो म्हणायचा, "चंद्रीची शेपटी पाह्य ना, कशी झाली!"

शेपटी खरंच विस्कटली होती. बळीरामने पिसं बाजूला सारून पाहिलं तर खाली उवा वळवळत होत्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मातीच्या खड्ड्यात राख मिसळली की कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा झडून जातात, हे गावाकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण राख आणायची कुठून? घरोघरी गॅस. शेजारच्या इंदूबाईंनी तर चूल फोडून तिथे तुळस लावली होती.

"राख नाही म्हणते? मले?" बळीराम छाती काढून म्हणाला. "जिंदगीभर राखच वाहली मी!" ओळखीच्या कारखान्यातून त्याने पोतंभर राख उचलून आणली. चुलीच्या राखेपेक्षा कितीतरी बारीक, पावडरसारखी. जितकी बारीक तितकी पिसांत खोल जाईल, असा त्याचा हिशेब. खड्डा भरला, कोंबड्या लोळल्या, परसभर धुरळा उडाला, आणि हा मालक कमरेवर हात देऊन कौतुक बघत उभा राहिला.

दोन-तीन दिवसांत चंद्री शिंकू लागली. मग नाकातून पाणी, डोळ्यांत फेस, आणि चोच उघडी टाकून श्वास. बळीरामने हळद चाटवली, तुळशीचा रस दिला, फडक्याने तिचं नाक पुसलं. रात्रभर बसला असेल. सकाळी त्यालाच अशी उबळ आली की चप्पल घालता येईना.

"बसा तुमी. मी नेते तिले," बायजाबाई म्हणाली. पिशवीत कोंबडी घातली, मुंडकं बाहेर ठेवलं आणि ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टर धनश्री मॅडमनी चंद्रीची चोच उघडून पाहिली, छातीला कान लावून ऐकलं. "साथीचा आजार दिसत नाही मावशी. नवीन काय केलं हिला?"

बायजाबाईने राखेचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चुलीची राख वेगळी. ही फार बारीक, खाली बसतच नाही, श्वासाबरोबर आत जाते. आधी ती काढा, पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून. साधी कोरडी माती आणि वाळू ठेवा. हिला मोकळ्या हवेत वेगळी ठेवा, हे औषध द्या. सुधारेल."

येताना बायजाबाई मांडीवरच्या पिशवीत घरघरणारी कोंबडी ऐकत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. आणि घर येईपर्यंत तिच्या मनात एक लबाडी पक्की झाली.

"मॅडमनं राख फेकाले सांगतलं," ती दारातूनच म्हणाली. "आन विडी बंद."

"कोणाची विडी?"

"चंद्री वढते काय? तुमची! कोंबडीचं फुप्फुस लय नाजूक राह्यते म्हणे. धूर तर नाहीच, कपड्याचा वासबी चालत नाही. विडी प्यायची असंन तर कोंबडीले हात लावाचा नाही, असं सांगतलं."

बळीराम चंद्रीकडे बघत राहिला. मग खिशातून बंडल काढलं, ते मोरीतल्या बादलीत बुडवलं आणि अंगातला सदरा धुवायला टाकला. बस.

पुढचे दिवस काय वर्णावेत! माणूस बडीशेप चावायचा, खडीसाखर फोडायचा, उगाच पाण्याच्या टाकीशी भांडायचा. इंदूबाईंच्या मांजराला त्याने अद्वातद्वा शिव्या घातल्या. पण विडीला शिवला नाही. खड्डा खरवडून काढला, वाळू आणली, चंद्रीला थेंबथेंब औषध पाजलं. बायजाबाई खुश व्हायला हवी होती, आणि होतीच. पण पोळ्या लाटताना एकदम तिला रडू फुटलं. जन्मभर पदर पसरला तिने, तेव्हा या माणसाने ऐकलं नाही. आणि एका कोंबडीसाठी विडी एका घटकेत सोडली. कोंबडीवर जळावं लागतं म्हणजे काय आयुष्य झालं!

चंद्री सुधारली. शिंका थांबल्या, ती पुन्हा माती उकरू लागली. तेव्हा बळीराम म्हणाला, "मॅडमले दाखवून आणतो." बायजाबाईने पिशवीला हात घातला. "मी जाते ना," ती म्हणाली. पण तो पिशवी घेऊन निघालाच.

तो परत आला तेव्हा ती उंबऱ्यातच बसली होती. त्याने चंद्रीला परसात सोडलं, हातपाय धुतले आणि तिच्या शेजारी टेकला.

"मॅडमले म्हटलं, तुमचं पथ्य पाळलं, विडी सोडली. तर मॅडम म्हणते, काका, मी विडीचं नावच नव्हतं काढलं."

बायजाबाईने मान खाली घातली. आता हा ओरडणार आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं बंडल आणणार, अशी तिची खात्री होती.

"खोटी बोलली मी," शेवटी ती म्हणाली. "पाहिजे तर मारा मले. तुमचे भाऊ गेले तवापासून झोप नाही मले. तुमी खोकता तं मी आयकत राह्यते. आन खोकला थांबला का जास्त भेव वाटते. मंग तुमच्या नाकापाशी हात लावून पाह्यते."

बळीराम तिच्याकडे वळला. "मंग हे मले काहून नाही सांगतलं?"

"जलमभर सांगून राहिली ना!"

"विडी वाईट आहे, हे सांगतलं. पैसे जाते, वास येते, तेबी सांगतलं. तुले भेव वाटते, हे नाही सांगतलं."

तिने तोंडाला पदर लावला. परसात चंद्री नव्या वाळूत अंग टाकून पंख झटकत होती. त्याने एकदा तिकडे पाहिलं आणि मान वळवली.

"मोठ्या दवाखान्यात छाती दाखवाची तं चिठ्ठी कवा निंघते?" त्याने विचारलं.

"सकाळी. लवकर जा लागते."

"मंग उद्या जाऊ. तू चाल संगं." आणि मग, अगदी हळू, "मलेबी भेव वाटते, बायजा. प्रेमानंद गेला तवापासून."

"हाव, चालते मी," ती म्हणाली. बायजाबाईने त्याचा हात आपल्या हातात घेतला. त्या हातात मुरलेला विडीचा वास अजून गेला नव्हता. तिने तो सोडला नाही.