दोऱ्या सापडत नाहीत

“दिसतं तसं नसतं, पोरींनो, म्हणून तर जग फसतं!” टायपिंगच्या क्लासातल्या बाईंचा हा आवाज वहिनीच्या कानात अजून तसाच होता, मशीनच्या घंटीसारखा खणखणीत. बाई पाठीमागून फिरायच्या आणि कागदाकडे न बघता, नुसता खडखडाट ऐकून सांगायच्या, कुणाचं बोट कुठे घसरलं ते.

आज कुणाचं बोट घसरलं हे सांगायला बाईंची गरज नव्हती. घसरलं होतं वन्संचं.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. घरात मान वहिनीचा, पण कचेरीत मुख्य खुर्ची वन्संची. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहून देणारी ही कचेरी त्यांनीच उभी केलेली. दोन खोल्या, तीन टेबलं आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या शिंप्याच्या इस्त्रीची वाफ दिसे. लिफ्टच्या देखभालीचं जाडजूड पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच वहिनीच्या हाती सोपवलं होतं. वहिनीने प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल केली आणि जागोजागी ‘पाहा’ लिहून एका प्रकरणातून दुसऱ्यात जायची वाट घातली. त्या शब्दावर टिचकी मारली की हवं ते पान पुढ्यात हजर.

काल संध्याकाळी वन्संना नीटनेटकेपणाची उबळ आली. ‘प्रकरण-१’, ‘प्रकरण-२’ ही काय नावं झाली? त्यांनी सगळ्या फायलींना छान अर्थाची नावं दिली. दरवाजा, ब्रेक, दोऱ्या. सकाळी पुस्तक उघडावं तर प्रत्येक ‘पाहा’पुढे लाल अक्षरं: संदर्भ सापडला नाही.

“नावंच तर बदलली,” वन्सं म्हणाल्या. “जागचं काही हललं का?”

“लग्नात माझंही नावच बदललं होतं, वन्सं. माहेरची पत्रं वर्षभर परत जात होती.”

वन्संना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. “दुपारी लिफ्ट कंपनीचे फिटरकाका तपासायला येतायत. त्यांनी पास केलं तर ठीक. नाहीतर पुस्तक बाहेरच्या माणसांना देते, आणि तुम्ही आपले पूर्वीसारखे तक्ते आखा. स्पष्ट सांगितलेलं बरं.”

दुसऱ्यांच्या पुस्तकांना तक्ते आखण्यात वहिनीची उमेदीची वर्षं गेली होती. ती पदर खोचावा तशी खुर्ची पुढे ओढून बसली.

तिने संगणकाला सांगितलं, ‘पाहा’पुढे जिथे ‘प्रकरण-१’ असेल तिथे ‘दरवाजा’ कर. पापणी लवायच्या आत त्याने केलं, आणि ‘प्रकरण-१२’चंही करून टाकलं ‘दरवाजा२’.

“घ्या! लिफ्टला भलतीकडेच दार फुटलं,” वहिनी पुटपुटली. केलेलं सगळं मागे घेतलं आणि मोठ्या आकड्यांकडून सुरुवात केली. आधी थोरल्या जावा, मग धाकट्या. आता कुणी कुणाच्या पायात येईना. एकेक लाल ओळ मावळत गेली, तशी ती गुणगुणू लागली:

*नाव गं बदललं, वाट माझी हरवली,*
*दाराशी येऊन सय माघारी फिरली.*

सगळी प्रकरणं जागच्या जागी लागली. राहिली एकच फाइल, दोऱ्यांची. लिफ्ट ज्यांच्यावर तोलून असते त्या पोलादी दोऱ्या. ‘पाहा: दोऱ्या’ असं लिहिलेलं, फाइलचं नावही ‘दोऱ्या’, आणि तरी संगणकाचं आपलं एकच पालुपद, सापडत नाही.

तेवढ्यात फिटरकाका आले. “काय वहिनी, चालू झालं का? मी लिफ्टमध्ये अडकलेला माणूस. पुस्तकात अडकायची सवय नाही मला.”

ते खुर्चीत बसले. ‘लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तर’ हे पान काढलं. ब्रेक उघडलं. दरवाजा उघडला. “आता दोऱ्या. दोरी किती झिजलीय ते बघितल्याशिवाय मी वर पाय ठेवत नाही.”

लाल अक्षरं.

वन्संचा हात फोनकडे गेला.

“फोन ठेवा, वन्सं.” या कचेरीत वहिनी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. वन्संनी खरंच फोन ठेवला.

वहिनीने पुस्तकातला ‘दोऱ्या’ शब्द मागून खोडायला घेतला, एकेक ठोका मोजत. मग फाइलच्या नावातला. ती थांबली. पुन्हा खोडून पाहिला. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी.

“एक ठोका जास्त लागतोय!”

“म्हणजे?”

“हा मधला आडव्या रेघेचा र दोन तऱ्हांनी उमटतो. तुमचा जुना कीबोर्ड त्यात एक न दिसणारा सांधा घालतो, माझा घालत नाही. जुळ्या बहिणी आहेत या, वन्सं. पाहुण्याला ओळखू येत नाहीत, आईला येतात.”

“म्हणजे आपण पाहुणे आणि हे डबडं आई?” काका म्हणाले.

वहिनीने फाइलचं नाव पुसलं आणि आपल्या कीबोर्डवर पुन्हा लिहिलं. दोऱ्या.

“अहो, तेच तर लिहिलंत!”

“तेच नाही, काका. मारा टिचकी.”

काकांनी मारली. दोऱ्यांचं पान उघडलं, चित्रासकट, झिजेच्या खुणांसकट. मग काका हट्टालाच पेटले. उलटे गेले, आडवे गेले, मधूनच घुसले, मुद्दाम शेवटच्या पानावरून पहिल्यावर उडी मारली. एकही वाट अडली नाही. सगळं पुस्तक पाण्यासारखं वाहत होतं आणि वहिनी हात बांधून उभी होती, चेहरा लखलखलेला.

“ताई,” काका वन्संना म्हणाले, “अंधारात, एका हाताने शिडी धरून वाचता येईल असं पुस्तक आहे हे. आणा, कुठे सही करू?”

सही करून, जिन्यावरून शीळ घालत ते गेले. वहिनी खुर्चीत टेकली आणि मोठ्याने हसली. हसता हसता पाहते तो वन्सं तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या, टेबलावर नसलेली धूळ बोटाने पुसत.

“काय झालं, वन्सं?”

“तुमचं काम माझ्याहून सरस आहे, वहिनी,” वन्सं म्हणाल्या. “तुमच्या पहिल्या तक्त्यापासून मला माहीत होतं. जीभ रेटत नव्हती.”