ऑर्विलचं तेल आणि वेल्माचं मनगट

जत्रेच्या मैदानात बंदुकांचा बाजार भरला होता आणि निम्मं गाव ब्रदर ऑर्विल या फिरत्या उपदेशकाच्या टेबलाभोवती लोटलं होतं. लोक आपली स्वस्तातली, खिशात मावणारी पिस्तुलं आणत. दोन-तीन गोळ्या उडाल्या की अडकणारी. ऑर्विल त्यांना मंतरलेलं तेल लावी, मालकाचा हात हातात घेऊन प्रार्थना म्हणे आणि मागच्या मातीच्या बांधावर स्वतः दहा गोळ्या झाडून दाखवी. एकही अडकत नसे.

"घरी नेऊन चालवून बघू नका," तो बजावी. "देवाची परीक्षा घेतली की गुण गेला."

वा रे पठ्ठ्या! गुण जायची सोय आधीच करून ठेवलेली. टेबलामागे आभाराची पत्रंही टाचलेली.

मी तीस वर्षं शाळेत यंत्रकाम शिकवलं, पण इथे मला उंटावरचा शहाणा म्हणतात. गप्पच बसलो असतो. पण रांगेत वेल्मा स्टिडम दिसली. माझ्यापासून अर्ध्या मैलावर, घळीतलं शेवटचं घर तिचं. नवरा डेल नऊ महिन्यांपूर्वी गेला. गेल्या महिन्यात दोनदा कुणीतरी तिच्या मागच्या दाराचं कुलूप उचकटायला बघत होतं, आणि आमच्या डोंगरात पोलीस यायला पाऊण तास लागतो.

रविवारी चर्चनंतर तिच्याकडे गेलो. तिनं घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. पिस्तूल उशीखाली होतं. चालवून बघू म्हटलं, तर गुण जाईल म्हणून देईना. पाप माझ्या माथी, म्हणालो, तेव्हा कुठे उठली.

कोठारामागे आधी मी दहा गोळ्या झाडल्या, माझ्या, गोल टोकाच्या. सगळ्या उडाल्या. बाईचा चेहरा उजळला. मग तिच्या कपाटातल्या गोळ्या भरून पिस्तूल तिच्याच संधिवाताच्या हातात दिलं. तिसऱ्या गोळीला अडकलं. पुन्हा भरलं, दुसरीलाच अडकलं.

"ऑर्विल नेहमी स्वतःच्या डब्यातल्या गोल टोकाच्या गोळ्या भरतो. त्या सरकन आत जातात," मी सांगितलं. "तुझ्या पोकळ टोकाच्या, त्या नळीच्या तोंडाशीच अडतात. शिवाय हे यंत्र गोळीच्या धक्क्यावर चालतं. मनगट सैल पडलं, की वरचा भाग पुरता मागे जात नाही. चमत्कार त्याच्या मनगटात आहे, वेल्मा. तेल शिवणयंत्राचं आहे."

"आणि ती पत्रं?"

"ज्यांचं ऐनवेळी अडकलं, ते कुठून पत्र लिहिणार?"

तिनं पिस्तूल माझ्या हातात परत दिलं.

"खरं सांगू, अर्ल? तेलाचं मला एवढं काही नव्हतं. पण डेल गेल्यापासून कुणी माझा हात हातात घेतला नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याही घरी चार वर्षं मी एकट्यापुरतं एकच ताट मांडतोय, आणि मी अर्धा मैल चाललो नव्हतो.

पुढच्या बाजारात तिनं भरल्या गर्दीत ऑर्विलला सांगितलं, तेल लाव, पण चालवणार मी, माझ्या गोळ्यांनी. तिसऱ्या गोळीला अडकलं. श्रद्धा कमी पडली, ऑर्विल म्हणाला.

"पुरेशी होती," वेल्मा म्हणाली. "म्हणून तर या पिस्तुलाच्या भरवशावर झोपत होते."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? रांग हळूहळू पांगली.

आता तिच्याकडे माझं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. ते मनगटावर अवलंबून नाही, आणि आम्ही तिच्याच हातानं, तिच्याच गोळ्यांनी ते दोनशेदा चालवून पाहिलंय. तुम्हीही तसंच करा. ज्या वस्तूवर जीव सोपवायचा, तिची परीक्षा घ्या. परीक्षा नको म्हणणाऱ्याची आधी घ्या. आणि शेजारी कुणी एकटं असेल, तर तेलवाला पोचायच्या आत तुम्ही पोचा. मला नऊ महिने लागले.