भाचीची सही

"घरचीच निरीक्षक असताना मी परक्या माणसाला माझी पातेली का दाखवू?" मावशीने विचारलं आणि हातातला झारा माझ्या नाकासमोर नाचवला.

मावशीची खानावळ आहे. आई गेल्यावर तिने मला याच स्वयंपाकघरात वाढवलं, भांडी घासता घासता माझे पाढे घेतले. आता मी आरोग्य निरीक्षक आहे. उपाहारगृहं, बेकऱ्या, पाण्याच्या टाक्या तपासते. माझ्या सहीने कोणाचा परवाना सुटतो, कोणाचा अडतो. पलीकडच्या शाळेतल्या मुलांचं दुपारचं जेवण रांधायचं काम मावशीकडे यायचं घाटत होतं. उतारवयात तिला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळणार होतं, आणि त्यासाठी नव्या तपासणीचं प्रमाणपत्र हवं होतं.

"मावशी, नात्यातल्या माणसाची तपासणी मला करता येत नाही. नियम आहे."

"तुझं शेंबडं नाक मी पुसलं, तेव्हा कुठे होता गं तुझा नियम?"

मी ऑफिसात लेखी कळवलं की मालकीण माझी सख्खी मावशी आहे, आणि काम चिमट्याकडे गेलं. चिमटा म्हणजे आमच्यातला सगळ्यात ज्येष्ठ निरीक्षक. कुठल्याही भांड्याचं झाकण हा गृहस्थ हाताने उचलत नाही, म्हणून हे नाव. कोणाकडे चहा घेत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची.

"केव्हा जाणार ते मलाही सांगू नका," मी म्हणाले.

"सांगणारच नव्हतो," तो म्हणाला. असा आहे मेला!

मावशीने अबोला धरला. तरी रात्रीचं जेवायला मी तिच्याकडेच जायचे, आणि ती वाढायचीही. फक्त ताट जरा जोरात आपटायची.

एका संध्याकाळी गेले, तर स्वयंपाकघर नुसतं लखलखत होतं. ओट्यावर एक भलंमोठं पातेलं होतं, घट्ट झाकलेलं आणि वरून धुतलेल्या टॉवेलांत गुंडाळलेलं. कौतुक सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून मावशीने अबोला सोडला.

"भोपळ्याचं सूप. उद्या शाळेच्या मोठ्या बाई मुलांना घेऊन चव बघायला येणार आहेत. दुपारीच करून ठेवलं. तुझा तो माणूस कधी टपकेल सांगता येत नाही, त्याला ओट्यावर पसारा दिसायला नको. आणि झाकलंय कसं बघ. माशीची काय बिशाद!"

मी पातेल्याला तळहात लावला. कोमट होतं. माशी बाहेर राहिली होती खरी, पण ऊबही आतच राहिली होती. अशा उबेत जंतूंचं चांगलंच फावतं, आणि नंतर कितीही उकळलं तरी त्यांनी सोडलेलं सगळं विष जात नाही. आयुष्यभर चोख राहिलेल्या बाईने निव्वळ स्वच्छतेच्या हौसेपायी हे करून ठेवलं होतं.

"मावशी, हे टाकून दे. उद्या ताजं कर. आणि पुढच्या वेळी पसरट ट्रेमध्ये काढून झटपट गार कर."

"तू माझी निरीक्षक नाहीस ना? तूच म्हणालीस. मग माझ्या पातेल्यात नाक खुपसू नकोस."

माझाच नियम तिने माझ्या तोंडावर फेकला! मला राग आला, हसूही आलं. मग ती मुलं आठवली आणि हसू पळालं. मी तशीच बाहेर पडले आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. पातेलं पकडलं गेलं तर मावशीच्या हातचं काम जाणार, आणि ते मी घालवलं असं ती जन्मभर ऐकवणार. तिची तपासणी करणं माझं काम नव्हतं. पण दिसलं ते न दिसल्यासारखं करणं, तेही माझं काम नव्हतं. मी चिमट्याला फोन लावला.

"तक्रार नोंदवायची आहे."

"कोणाची?"

"मावशीची."

"नाव गुप्त ठेवू?"

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गेला. सुपाच्या मधोमध थर्मामीटर बुडवून बघितला, ते अजून कोमटच निघालं, आणि त्याने सगळं सूप ओतून टाकायला लावलं. बाकी सगळं उत्तम, असा शेरा दिला. पण अन्न गार करायची नीट सोय होईपर्यंत प्रमाणपत्र रोखलं. मावशीला स्वतः शाळेत फोन करून बाईंना आज येऊ नका म्हणावं लागलं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ती स्टुलावर बसली होती. दारातूनच सांगून टाकलं, "फोन मी केला होता."

"माहीत आहे. कागदावर लिहिलंय. पण वाचण्याआधी शेजारच्या हॉटेलवाल्याला शिव्या घालून झाल्या, त्या आता परत कशा घेऊ?" तिने रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं. "त्या पोरांना काही झालं असतं तर गं?"

मी तिच्याशेजारी बसून रडले. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "ते पसरट ट्रे मिळतात कुठे?"

चिमटा पुन्हा आला, पुन्हा थर्मामीटर घातला, आणि या वेळी सही करून गेला. चहाला नाही म्हणाला, तेवढा राग मावशीच्या मनात अजून आहे.

मग शाळेच्या बाई आल्या. मी कोपऱ्यात जेवत होते. त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहिलं, मग मला पाहिलं.

"तुमची भाची याच खात्यात आहे, नाही का?" त्या हसून म्हणाल्या. "मग काय, घरचंच प्रमाणपत्र."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मावशीने हात पुसले, फ्रेम भिंतीवरून काढली आणि बाईंच्या समोर ठेवली.

"शोधा, हिची सही सापडते का. नाही सापडणार. हिने माझी तक्रार केली, तीही नाव सांगून."

बाईंनी फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या नव्या ट्रेंकडे पाहिलं. त्यांचं हसू आता निराळं होतं.

"मुलांना केव्हा आणू?"

"उद्याच आणा," मावशी म्हणाली. "सूप सकाळी करते."