माझ्या पोटातले खोटे

मित्रांनो, पोटात काय आहे ते बाहेरून कळू नये, अशीच माझी घडण आहे. मी थर्मास आहे. आता जुना झालो आहे. अंगावरचा निळा रंग जागोजागी उडाला आहे, बुडाशी एक पोचा पडला आहे आणि पट्टा तर केव्हाच तुटला. माझी हकिगत ऐकायला गोड नाही. पण त्यात तुमच्याच वयाची एक मुलगी आहे, म्हणून सांगतो.

कारखान्यात माझ्या पोटात काचेची बाटली बसवली गेली. तिला दोन भिंती, आणि दोन भिंतींच्या मध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्यामुळे गरम ते गरम राहते. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला उजेडात धरले, नखाने टकटक केले आणि शेजारणीला म्हणाल्या, "याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे फुशारून होतो.

मला विकत घेतले एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईंनी. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास येई आणि नखांत दोऱ्याचे तंतू अडकलेले असत. त्यांचे यजमान शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून नुकतेच कायम झाले होते. "अहो, फेऱ्यांच्या मधे स्टँडवरचा पाणचट चहा पिऊ नका, घरचाच घ्या," असे म्हणून मालकिणीने मला त्यांच्या हातात दिले. तेव्हापासून रोज पहाटे ती मला आधी गरम पाण्याने विसळायची, मग चहा भरायची, बूच घट्ट लावायची आणि वरून एक थाप मारायची. माझी जागा मालकांच्या आसनाखाली होती. त्यांची लहान मुलगी सुट्टीच्या दिवशी कधी बसमधून फिरायला आली, की माझ्या झाकणात तिला दोन घोट मिळत. "बाबा, तुमच्यापेक्षा हा गरम!" असे ती म्हणे. खरेच, मालक फार थंड डोक्याचे होते. गर्दीत कुणी शिवी दिली तरी हसत आणि म्हणत, "शिवीला तिकीट लागत नाही, बसू द्या तिला." सहा वर्षे अशी गेली.

मग मालकांचा धाकटा भाऊ गेला. तो त्याच आगारात मेकॅनिक होता. मालकांनीच शब्द टाकून त्याला तिथे लावले होते. बसखाली शिरून काम करताना जॅक सरकला. त्यानंतर मालकांची झोप उडाली. ते ताटावर बसत आणि न जेवताच उठत. मालकीण विचारायची, "काय होतंय तुम्हाला?" ते म्हणत, "काही नाही, दमलोय." कुणीतरी त्यांना सांगितले की थोडी घेतली की झोप लागते. लागली. पण थोडीचे पुष्कळ व्हायला वेळ लागला नाही. पुढे सकाळी हात थरथरायला लागले आणि ती थरथर थांबवायलाही तीच लागू लागली.

एके सकाळी आगाराच्या मोरीत त्यांनी माझे बूच काढले. घरून आलेला वाफाळता चहा ओतून दिला आणि खिशातली बाटली माझ्यात रिकामी केली. मला वाटले, चुकून झाले असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशीही. मालकीण पहाटे उठून चहा करत होती, थाप मारत होती, आणि तो चहा नळाखालून वाहून जात होता. त्या थापेची मला लाज वाटू लागली.

मित्रांनो, इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करणार नाही. मनातून उतरलेल्या माणसाबद्दल माझ्याने आदराने बोलवत नाही.

तो बस चालवायचा आणि अधूनमधून माझ्यातून घोट घ्यायचा. उतारूंना वाटे, ड्रायव्हर चहा पितो आहे. कंडक्टरला कळले होते. तो मित्र होता, म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या पुरवायचा आणि गप्प बसायचा.

मुलगी तेव्हा सातवीत होती. एका दुपारी तो चष्मा घरी विसरला, तो द्यायला ती आगारात आली. उन्हातून चालत आली होती. मी बाकावर होतो. तिने नेहमीसारखे झाकण काढले, ओतले आणि मोठा घोट घेतला. पुढच्याच क्षणी तिने तो थुंकला. ओठ पुसून तिने माझे तोंड हुंगून पाहिले. तो धावत आला. मला वाटले, आता हा खाली मान घालेल. त्याने इकडेतिकडे पाहिले, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आईला सांगू नकोस हं. तिला त्रास होईल. तू माझी शहाणी मुलगी ना? हे आपल्या दोघांतलं."

"पण बाबा, तुम्ही गाडी चालवता."

"फक्त आजच्या दिवस. शपथ."

तिने मान हलवली. इतके दिवस तो एकटा माझ्या आडून लपत होता. त्या दुपारी त्याने स्वतःच्या पोरीलाही थर्मास केले. पुढचे पाच महिने तिने ते पोटात ठेवले. संध्याकाळी आई मला घासायला घ्यायची, तेव्हा ती पटकन उठून म्हणायची, "दे आई, मी धुते." शाळेतून आली की दप्तर टाकण्याआधी बापाच्या चपला दारात आहेत का बघायची. चपला दिसल्या, की मगच पाणी प्यायची.

शेवटी व्हायचे ते झाले. सकाळच्या फेरीला, भाजी मंडईच्या वळणावर बस पदपथावर चढली आणि वर्तमानपत्रांच्या टपरीवर आदळली. टपरीवाल्या आजींचा हात दोन ठिकाणी मोडला. त्या वाचल्या, कारण त्या क्षणी खाली पडलेला गठ्ठा उचलायला त्या बाजूला वाकल्या होत्या. मी आसनाखालून घरंगळत उतारूंच्या पायांत गेलो, बूच निघाले आणि माझ्या पोटात काय होते ते सगळ्या बसला कळले. "अरे, थर्मासात भरून आणतो हा!" कुणीतरी ओरडले. एकाने मला लाथ मारली. बुडाचा पोचा त्या लाथेचा; आतली काच कशी वाचली, कोण जाणे.

घरी मालकीण मला घेऊन चौकशीसाठी आलेल्या पोलिसाला ठामपणे सांगत होती, "साहेब, काहीतरी चूक होतेय. थर्मासात मी स्वतःच्या हाताने चहा भरते." तेव्हा मुलगी दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "आई, मला माहीत होतं." मुलगी पुढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मी सांगितलं असतं, तर आजींचा हात..."

खटला लागला. नोकरी गेली नाही, पण स्टिअरिंग कायमचे सुटले. आगारप्रमुखांनी चौकशी लावली आणि सांगितले, "आधी उपचार घ्या, मग बाकीचं." जुन्या पोस्टाच्या इमारतीत, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर वस्तीतल्या लोकांसाठी एक केंद्र चालते. दारूचे, गोळ्यांचे व्यसन आणि मनाचे आजार, दोन्हींसाठी. मालकीण त्याला तिथे घेऊन गेली; डॉक्टरांना दाखवायला मलाही पिशवीत घेतले. तो म्हणाला, "आजपासून थेंब नाही. एका फटक्यात सोडतो." नर्सबाई म्हणाल्या, "असली मर्दुमकी इथे नको. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येते, जिवाशी गाठ पडते. औषधं घेऊन, आमच्या नजरेसमोर सोडायची." मग त्यांनी झोपेचे विचारले, भावाचे विचारले. तो भावाबद्दल पहिल्यांदा बोलला, तो तिथे. डॉक्टरांनी उदासीवरही औषध सुरू केले. निघताना नर्सबाई मालकिणीकडे वळल्या, "आणि तुमची झोप?" "ती कुणी विचारलीच नव्हती," मालकीण म्हणाली.

केंद्रात दर गुरुवारी गट बसे. गटाचे म्होरके होते नळवाले काका. नळजोडणीचे काम करणारे, नऊ वर्षे दारूविना राहिलेले. ते म्हणत, "गळती लागली म्हणून कुणी घर पाडत नाही. पण वरून रंग लावूनही भागत नाही. भिंत फोडावी लागते."

मालकिणीने मला तीनदा उकळत्या पाण्याने धुतले, नवे बूच आणले आणि पुन्हा चहा भरला. तो आता आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचा. लोकांच्या छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे परत करायचा. चार महिने माझ्यात फक्त चहा होता. मी हळूहळू विसरत चाललो होतो. ती थाप मला पुन्हा आवडू लागली होती.

आणि भाऊ गेला त्या तारखेला त्याने खिडकी लवकर बंद केली, माझ्यातला चहा ओतला आणि मला पुन्हा त्याच विषाने भरले.

पहिल्या वेळी मला काही ठाऊक नव्हते. या वेळी मी विश्वास ठेवला होता. म्हणून हा घाव खोल गेला. मित्रांनो, आजार असतो, घसरण होते, हे सगळे मी पुढे केंद्रात शंभरदा ऐकले आणि ते खरेही आहे. तरी ज्याच्या पोटात ते ओतले जाते, त्याला व्हायचे ते होतेच.

बसथांब्याच्या बाकावर मला मांडीवर घेऊन तो तीन तास बसला. दोन घोट घेतले. तिसरा ओतला आणि तसाच धरून राहिला. एक-दोन बस थांबल्या, गेल्या. मग झाकणातले त्याने गटारात टाकले, उठला आणि थेट केंद्राचा जिना चढला. गुरुवार होता, गट बसलेला होता. त्याने मला मधल्या टेबलावर आदळले आणि म्हणाला, "हुंगा."

नळवाले काका म्हणाले, "हुंगायचं कशाला? तुझं तोंडच सांगतंय. बस, पाणी पी."

कुणी हसले नाही, कुणी रागावलेही नाही. नर्सबाईंनी बेसिनकडे बोट केले, "तुम्हीच ओता." त्याने मला रिकामे केले. मग विचारले, "आता घरी काय सांगू?"

"झालं ते."

"ती मला घराबाहेर काढेल."

"काढेलही," काका म्हणाले. "मी येतो सोबत. जिन्यात थांबतो. बोलायचं मात्र तू."

मी बेसिनपाशीच राहिलो. पुढचे मला दुसऱ्या दिवशी काकांनी केंद्रात येऊन सांगितले, तेव्हा कळले. मालकिणीने त्याला घराबाहेर काढले नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, म्हणून तुम्हाला आत घेते. पण तो थर्मास या घरात पुन्हा येता कामा नये."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. दारू त्याने प्यायली आणि घर माझे सुटले.

तेव्हापासून मी केंद्रात आहे. सकाळी माझ्यात चहा भरला जातो आणि जो येईल त्याला मिळतो. तो दर गुरुवारी येतो. वर्ष होऊन गेले, पुन्हा घसरला नाही. पण माझ्याकडे बघत नाही. पाण्याच्या माठाशी जाऊन पाणी पितो.

महिन्यातून एकदा घरच्यांचाही गट बसतो. त्यात मालकीण येऊ लागली आणि पुढे मुलगीही आली. पहिल्या दोन वेळा ती दप्तर मांडीवर घेऊन दाराजवळच बसली. नर्सबाईंनी माझ्यातून कप भरून तिच्यापुढे केला. तिने माझा पोचा पाहिला. तिने मला ओळखले. कप नाकाशी नेऊन तिने हुंगला. नर्सबाई सहज म्हणाल्या, "हुंग हो, बिनधास्त हुंग." ती कसनुशी हसली, "मी सगळंच हुंगते आता. मैत्रिणीची पाण्याची बाटलीसुद्धा." कपात निव्वळ चहा होता. तिने तो प्यायला नाही, खाली ठेवला. मी तिला कधी फसवले नव्हते. पण हे तिला कोण सांगणार?

तिसऱ्या वेळी तोही येऊन बसला होता, आणि ती गटात बोलली. बापाकडे न बघता म्हणाली, "तुम्ही प्यायचात, त्याचं मला तेवढं काही नाही. तो आजार आहे, मला समजावलंय इथे. पण तुम्ही मला गप्प बसवलंत. आजींचा हात मोडला, तेव्हा मला वाटलं मीच मोडला. अजून वाटतं."

"अगं, त्या वेळी माझी अवस्था..." त्याने सुरुवात केली. नळवाले काका नुसते खाकरले. तो थांबला.

"हो," तो म्हणाला. "मी लावलं तुला खोटं बोलायला. तू लहान होतीस. आजींचा हात मी मोडला, तू नाही."

"परत बोला."

"आजींचा हात मी मोडला. तू नाही."

तिने मान हलवली, दप्तराचा पट्टा खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "आई, निघू या. उद्या गणिताचा पेपर आहे." तिघेही जिना उतरले. तो चार पायऱ्या मागे होता. त्याने ते अंतर कमी करायचा प्रयत्न केला नाही, हे मला बरे वाटले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या पोटात मोठ्या माणसाने असे काही ठेवायला दिले असेल आणि 'कुणाला सांगू नको' म्हटले असेल, तर ते ठेवू नका. मी वस्तू आहे, माझे बूच दुसरा काढतो. तुम्हाला तोंड आहे. आईला सांगा, मावशीला सांगा, शाळेतल्या बाईंना सांगा. पहिल्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. सांगितल्याने घर मोडत नाही. आणि त्या मोठ्या माणसासाठीही कुठेतरी एक जिना असतो, वर माणसे बसलेली असतात, हे त्यालाही कळू द्या.

त्याला मी माफ केले का, असे विचाराल. नाही केले. सध्या तरी नाही. पण गुरुवारी पाच वाजायला आले, की जिन्यावरच्या पावलांकडे माझे लक्ष असते, आणि त्याची पावले वाजेपर्यंत मला चैन पडत नाही.