डोंगराची जांभई

ताईने सिंथेसायझरची सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली आणि यंत्रातून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला.

तिने पट्टी सोडली. पुन्हा दाबली. पुन्हा डास.

चार वाजता बाहुल्यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. तिसऱ्या प्रवेशात कापडी डोंगर तोंड उघडणार होता आणि त्यातून जांभई बाहेर पडायला हवी होती. ती जांभई ताईने तीन आठवडे खपून घडवली होती. डोंगर असा डासासारखी जांभई द्यायला लागला, तर पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्यांवरून पडली असती. हसून.

तिने चष्मा लावून यंत्राकडे पाहिलं. चौतीस नॉब, सगळे प्रार्थनेला उभे केल्यासारखे ताठ. प्रत्येक नॉबशेजारी तिने खडूची बारीक रेघ मारून ठेवली होती, इथपर्यंत फिरवायचा म्हणून. एकही रेघ जागेवर नव्हती. सगळं कसं लख्ख.

"आई!"

आईचं म्हणणं

"धूळ होती. शिवाय कुणीतरी खडूने गिरगटून ठेवलं होतं. ओलं फडकं फिरवलं. बटणं वाकडीतिकडी होती, ती सरळ केली. आता कसं माणसाच्या घरातलं वाटतंय."

धाकट्याचं म्हणणं

धाकटा भाऊ लॅपटॉप काखेत मारून आला. त्याला झालेला आनंद लपत नव्हता.

"यात दोन हजार आवाज आहेत, ताई. एकाचाही केस हलत नाही. आई फडकं घेऊन आली तरी."

"म्हणूनच सगळे मेल्यासारखे वाटतात."

"आणि तुझा जिवंत होता तो कुठे गेला?"

जांभई रेकॉर्ड करून ठेव, असं त्यानेच चारदा सांगितलं होतं. बाहुली जितका वेळ तोंड उघडेल तितका वेळ हाताने वाजवायची, असं म्हणून तिने त्याला चारही वेळा उडवून लावलं होतं.

दीड वाजेपर्यंतच्या जांभया

ताईची पहिली: म्हैस.

धाकट्याची पहिली: विमान.

ताईची दुसरी: तीच म्हैस, जरा लांब गेलेली.

धाकट्याची दुसरी: इतकी सभ्य, की डोंगराने तोंडावर रुमाल धरला असावा.

ताईची तिसरी जवळजवळ जमली होती, पण यंत्र तापलं आणि सूर हळूहळू वर सरकला. धाकट्याची तिसरी कुठेच सरकली नाही. खांबासारखी उभी राहिली.

"ही नाही," स्वयंपाकघरातून आई प्रत्येक वेळी सांगत होती.

"तुला कसं गं कळतं?"

"तीन आठवडे भिंतीपलीकडून ऐकतेय. खरी जांभई आली की कपाटातल्या काचेच्या बरणीचं झाकण खुळखुळतं. आता ते गप्प आहे."

झालं, परीक्षकही ठरला. मग दोघं इरेला पेटली. एकाच स्पीकरला दोन्ही वायरी, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायची कुणाचीच तयारी नाही.

"थांब, माझं झालं नाही."

"तुझं जन्मात होणार नाही."

दोघांनी एकदमच पट्ट्या दाबल्या. एक सूर ठाम. दुसरा त्याच्या शेजारी, किंचित खाली, हलका डुलणारा. दोन्ही एकमेकांना घासले आणि मधूनच तिसरं काहीतरी संथ, जड असं हेलकावे घेऊ लागलं. जमिनीखाली कुणी कूस बदलावी तसं. खिडकीची तावदानं घुमली. ताईच्या दंडावर काटा आला. मागच्या जांभईने तो कधीच आणला नव्हता.

"झाकण वाजलं!" आई आतून ओरडली. "हीच ती!"

"माझी," ताई म्हणाली.

"माझी," धाकटा म्हणाला.

"दोन्ही मिळून वाजली. एकेकटीची गोष्ट मला सांगू नका."

अडीच

ताई पाणी प्यायला आत गेली. कपाट उघडं होतं आणि बरणीची जागा रिकामी. बरणी धुऊन खिडकीत पालथी घातलेली, केव्हाच वाळलेली. झाकण शेजारच्या टॉवेलवर, आणि त्याच्या आसपास खुळखुळण्यासारखं काही नाही.

आईने तिची नजर पाहिली आणि नळ मोठा सोडला.

"डबा भरलाय दोघांचा," पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली. "खा आणि निघा. एकटीने उचलण्यासारखं आहे का ते यंत्र?"

ताई पाणी पिऊन बाहेर आली. धाकटा वायरी गुंडाळत होता. त्याचा मघाचा तोरा उतरला होता.

"ताई, खरं सांग. ही तुझी तीच आहे ना? का मी त्यात घुसून वाट लावली?"

ताईने यंत्राचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे मानेने खूण केली.

"तीच रे," ती म्हणाली. "आईने ओळखली की झाकणावरून."