प्रगतीला दुसरा शब्द

एर्मेकने भाषणातल्या ‘विकास’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि पेन असानकुल अगायांपुढे सरकवलं.

“हा नको, अगाय. हा ऐकला की लोक मेंढरं लपवतात.”

अगायांनी चष्मा पुसला. गावाला जन्मभर किरगीझ भाषा शिकवून ते निवृत्त झाले होते, तरी सगळे त्यांना अजून अगाय, म्हणजे गुरुजीच म्हणत. आता जिल्हा कचेरीत साहेब झालेला हा एर्मेक त्यांच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा.

“मग प्रगती घाल.”

“प्रगती झाली तेव्हा दवाखाना गेला.”

“सुधारणा?”

“तिच्यात शाळेची बस गेली. तुम्हीच शिव्या घातल्या होत्या.”

“उत्क्रांती.”

“म्हातारे म्हणतील, आम्ही काय माकडं आहोत का?” एर्मेक हसला. “हळूहळू होणारं काहीतरी द्या हो. आपोआप होतंय, कुणी करत नाहीये, असं वाटलं पाहिजे.”

गावाच्या वरचं, वसंतातलं कुरण सोन्याच्या खाणीला हवं होतं. उद्या सभेत मेंढपाळांनी हात वर केले की काम फत्ते. पण गावात हात वर करण्याआधी सगळे अगायांच्या थोरल्या बहिणीकडे, बुरुलचाकडे बघत. तिच्या घोड्या त्याच कुरणावर वाढल्या होत्या आणि ती काही कुणाच्या गोड बोलण्याला भुलणारी नव्हती.

दुसरीकडे अगायांचा मुलगा तिलेक होता. मॉस्कोत लोकांच्या छपरांवरचा बर्फ उपसून पाठ मोडून घेऊन परतलेला. खाणीवर त्याला ड्रायव्हर म्हणून लावतो, असं एर्मेकने सांगितलं होतं. पोरगा डोळ्यांसमोर राहील, एवढीच बापाची हाव. आणि आपण देऊन देऊन देतोय काय, तर एक शब्द, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

“मुरणं,” अगाय शेवटी म्हणाले.

“म्हणजे?”

“आई घोडीचं दूध कातडी पिशवीत घालायची. आम्ही पोरं कुमिससाठी कटकट करायचो. ती म्हणायची, मुरतंय, हात लावू नका. पुढे ती सगळ्यालाच तसं म्हणायला लागली. आमची थोरली, बुरुलचा एजे सासरहून रडत आली, तेव्हाही म्हणाली, मुरू दे.”

“वा, अगाय!” एर्मेकने शब्द उतरवून घेतला. अगायांना क्षणभर वाटलं, कागद ओढून घ्यावा. त्यांनी चहा ओतून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात चुलीवर मटण रटरटत होतं आणि एर्मेकचे वरिष्ठ बोलत होते. आवाज छान होता त्यांचा.

“आयांनो, तुमचं कुरण कुठंही जात नाही. ते मुरतंय. त्याला वेळ द्या.”

माणसं सैलावली. दोनचार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या बुरुलचाने झटकन मान वर केली आणि गर्दीतून भावाला शोधलं. अगाय चुलीकडे बघत होते.

तिने हात वर केला. मग तिच्या मागचे, मग त्यांच्या मागचे. सभा चहा निवायच्या आत आटोपली.

जेवणात मेंढीचं डोकं अगायांपुढे आलं. त्यांच्याहून वडीलधारी माणसं पंगतीत होती, तरी मान त्यांना मिळाला. थोड्या वेळाने बुरुलचा आपलं ताट घेऊन भावाशेजारी येऊन टेकली.

“जीव गेला तरी हात वर करायचा नाही, असं ठरवून आले होते मी,” ती म्हणाली. “गोड बोलणाऱ्यांनी आजवर तोंडाला पानंच पुसलीत आपल्या. पण तो आईचं बोलला, आणि मला कळलं, हे माझ्या असानने घातलंय. म्हटलं, असानने कागद वाचलाय. आता घोर नाही.”

अगायांनी सुरी उचलली.

“वसंतात घोड्या वर नेता येतील ना रे? कुंपण कुठवर घालणार आहेत?”

कुंपण ओढ्यापर्यंत येणार होतं. अगायांनी नकाशा पाहिला होता. वर घोडीला उभं राहायलाही जागा उरणार नव्हती.

“खा, एजे. गार होतंय,” ते म्हणाले, आणि गालाचं मऊ मांस कापून त्यांनी तिच्या ताटात ठेवलं.

बुरुलचाने ते बोटांनी दोन तुकड्यांत तोडलं. लहानपणापासूनची सवय. मोठा तुकडा तिने भावाच्या ताटात टाकला.

“तू खा. किती वाळलायस.”

अगायांनी तो खाल्ला.